बासष्टच्या युद्धात लढाऊ विमानं का उडाली नाहीत? एका निर्णयाची फेरतपासणी

१९६२ च्या चीन युद्धावर चार माणसं बोलायला बसली की एक वाक्य हमखास येतं: ‘हवाई दल वापरलं असतं तर निकाल वेगळा लागला असता.’ युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१२ साली, तत्कालीन हवाई दलप्रमुख एन. ए. के. ब्राउन यांनीही जाहीरपणे तसंच म्हटलं. त्यानंतर तर हे वाक्य म्हणजे जणू कोर्टाचा निकालच झाला. मला ते साफ चुकीचं वाटत नाही. पण ज्या ठामपणे ते फेकलं जातं तेवढा ठामपणा पुराव्यात सापडत नाही. शिवाय दिल्लीला ज्या गोष्टीबद्दल खरोखर जाब विचारायला हवा, ती गोष्ट या वाक्यातून नेमकी निसटते.

आधी एक दुरुस्ती. हवाई दल वापरलंच नाही, हे खरं नाही. वाहतुकीच्या विमानांनी त्या दोन महिन्यांत जिवाचं रान केलं. डाकोटा, पॅकेट, ऑटर, रशियन एएन-१२ आणि एमआय-४ हेलिकॉप्टरं रेशन आणि दारूगोळा पोचवत होती, जखमींना परत आणत होती. ऑक्टोबरच्या अखेरीस एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांत घालून लडाखमध्ये चुशूलला, चौदा हजार फुटांवरच्या धावपट्टीवर उतरवले गेले. १०६ स्क्वाड्रनची कॅनबेरा विमानं अक्साई चीन आणि तिबेटवर जाऊन फोटो काढून येत होती. या कामगिरीबद्दल स्क्वाड्रन लीडर जगमोहन नाथ यांना महावीर चक्र मिळालं. म्हणजे शत्रूच्या डोक्यावरून आपली विमानं जात होती, फक्त त्यांच्या पोटात बाँब नव्हते. हंटर, मिस्टेअर, तूफानी, नॅट आणि बाँबफेकी कॅनबेरा हल्ल्यासाठी एकदाही उडाली नाहीत. प्रश्न आहे तो एवढाच.

युद्धाचा पट थोडक्यात असा. ८ सप्टेंबर १९६२ रोजी चिनी सैनिक ईशान्य सीमेवरच्या थागला कड्यावरून उतरून ढोला चौकीसमोर येऊन ठाकले. २० ऑक्टोबरच्या पहाटे पूर्वेला नमका चू नदीच्या काठी आणि पश्चिमेला लडाखमध्ये, असा एकाच दिवशी हल्ला झाला. चार-पाच दिवसांत तवांग हातचं गेलं. मग जवळपास तीन आठवडे मोठी लढाई नाही. नोव्हेंबरच्या मध्याला दुसरा तडाखा बसला आणि पूर्वेला वालाँग, सेला, बोमदिला, लडाखमध्ये रेझांग ला अशी एकामागून एक ठाणी पडली. २१ नोव्हेंबरला चीनची एकतर्फी युद्धबंदी आली.

आपण ‘तो निर्णय’ असं एकवचनात बोलतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात कधीतरी कोणीतरी टेबलाशी बसून एकदाच ‘नाही’ म्हटलं, असं त्यात गृहीत असतं. कागद तसं सांगत नाहीत. थागलाखालून चिन्यांना हुसकून लावण्याच्या हुकमाचा कागद आहे. २२ सप्टेंबरला लष्करप्रमुख थापर यांनी हा हुकूम लेखी मागितला. नेहरू तेव्हा राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने परदेशी आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला होते. शेवटी सही केली ती संरक्षण खात्याचे सहसचिव एच. सी. सरीन यांनी. एका युद्धाला तोंड फोडणारा हुकूम सहसचिवाच्या सहीने निघावा हा वेगळाच विषय आहे, पण निदान कागद तरी आहे. लढाऊ विमानं वापरायची नाहीत, असा सहीशिक्क्याचा आदेश आजवर उघड झालेल्या कागदांत दाखवता येत नाही. जे आहे ते बहुतेक नंतर लिहिलेल्या आठवणींत. त्यामुळे हे प्रकरण तीन तुकड्यांत पाहावं लागतं: २० ऑक्टोबरची पहाट, मधले तीन आठवडे आणि नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. तिन्ही वेळी दिल्लीच्या हाती असलेली माहिती वेगळी होती, आणि विमानांना करता येण्याजोगं कामही वेगळं होतं.

नमका चूची सकाळ

सातवी ब्रिगेड ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या हाताखाली होती. तिच्या पलटणी नदीकाठच्या लांबलचक पट्ट्यात विखुरलेल्या होत्या. अंगात सुती गणवेश, माणशी पन्नासच्या आसपास काडतुसं. नदी खोल घळीतून वाहते, दोन्ही अंगांना दाट झाडी, आणि समोरच्या उंचीवर चिनी. रसद त्सांगधरच्या उतारावर विमानातून टाकली जायची. त्यातली बरीच घरंगळून दरीत जायची, आणि जी हाती लागायची ती पाठीवर वाहून खाली न्यावी लागायची. २० तारखेच्या आदल्या रात्री चिनी तुकड्या आपल्या ठाण्यांच्या मधल्या फटींतून नदी ओलांडून मागच्या चढावर जाऊन बसल्या. पहाटे पाचच्या सुमाराला तोफा-उखळींचा मारा सुरू झाला. त्यात टेलिफोनच्या तारा तुटल्या, आणि हल्ला आला तो पाठीमागून. दुपारपर्यंत ब्रिगेड म्हणून काही उरलं नव्हतं. दोन दिवसांनी खुद्द दळवी कैद झाले.

या चित्रात विमान आणून बघा. खाली घळीत दाट झाडी, आपले आणि परके काही शे यार्डांत मिसळलेले. वैमानिकाला खालून रेडिओवर लक्ष्य दाखवायला शिकलेला माणूस लागतो आणि चालू रेडिओ लागतो. इथे बटालियनचा ब्रिगेडशीच संपर्क तुटला होता. त्या सकाळी विमानं आली असती तरी बाँब कुणाच्या डोक्यावर पडले असते हे सांगणं कठीण आहे. १९९९ मध्ये कारगिलला याहून कितीतरी चांगली विमानं होती, डोंगर बोडके होते, आणि समोर शत्रूचं हवाई दल आडवं येत नव्हतं. तरीही २६ मेला मोहीम सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गमावलं. मिराजच्या लेझर बाँबनी नेमका मारा सुरू झाला तो जून उजाडल्यावर. १९६२ च्या हंटरकडून नमका चूला चमत्काराची अपेक्षा ठेवणं हा कारगिलनंतरचा उत्साह आहे. सातव्या ब्रिगेडचं भवितव्य ती त्या घळीत उतरवली गेली तेव्हाच ठरलं होतं.

लडाखची गोष्ट निराळी. तिथे झाडी नाही. चुशूलच्या मैदानासमोर, स्पांगुर खिंडीपलीकडे शत्रूची जमवाजमव उघड्यावर होती. ‘डोंगरात विमानं कुचकामी’ हे सरसकट विधानही टिकत नाही आणि ‘विमानांनी बाजी फिरवली असती’ हेही टिकत नाही. कुठे आणि कोणत्या दिवशी, हे विचारल्याशिवाय उत्तराला काही अर्थ नाही.

भीती कशाची होती

दिल्लीची भीती आघाडीपेक्षा शहरांची होती. आपण बाँब टाकले तर चीन कलकत्त्यावर टाकेल, आणि मग काय? या भीतीला आज हसणारे बरेच भेटतात. त्यांनी कलकत्त्याचा डिसेंबर १९४२ आठवावा. जपानी विमानांनी टाकलेले बाँब मोठ्या युद्धाच्या हिशेबात किरकोळ होते, पण लोक लोंढ्यांनी शहर सोडून गेले होते. १९६२ च्या मंत्रिमंडळात बसलेल्या प्रत्येकाने ते ऐन उमेदीत पाहिलं-वाचलेलं होतं. देशातलं एवढं मोठं औद्योगिक शहर आणि बंदर आठवडाभर जरी रिकामं पडलं असतं तरी युद्ध कसं चालवणार होते? ईशान्येला रडारचं जाळं विरळ होतं आणि रात्री येणारं बाँबफेकी विमान अडवण्याची आपली कुवत तुटपुंजी होती. गुप्तचर विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांचा हिशेब असा की चिनी विमानं आपल्या शहरांपर्यंत पोचू शकतात आणि त्यांना अडवायला आपल्याकडे पुरेसं काही नाही. अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ यांचाही सल्ला तोच: स्वतःच्या शहरांना संरक्षण नसताना हवाई युद्ध सुरू करू नका.

आता दुसरी बाजू. तिबेटमधले चिनी विमानतळ अति उंचावर. तिथल्या विरळ हवेत विमानाला लांबलचक धावपट्टी लागते आणि इंधन-बाँब कमी न्यावे लागतात. आसाम-बंगालमधले आपले तळ जवळजवळ समुद्रसपाटीला, त्यामुळे पूर्ण भार घेऊन उडता येत होतं. १९६० मध्ये सोव्हिएत तंत्रज्ञ चीनमधून परत गेले तेव्हापासून चिनी हवाई दलाला सुटे भाग आणि इंधनाची चणचण होती. १९६२ च्या उन्हाळ्यात तैवानसमोर तणाव वाढल्याने चीनचं लक्ष फुकियन किनाऱ्याकडे लागलेलं होतं. या सगळ्या गोष्टी आज आपण एका दमात सांगतो.

पण हेच कागद ऑक्टोबर १९६२ मध्ये मंत्र्याच्या पुढ्यात कसे दिसले असतील? एकूण आकड्यात चीनचं हवाई दल आपल्यापेक्षा कितीतरी मोठं. त्यांच्याकडे आयएल-२८ ही जेट बाँबफेकी विमानं होती. १९५६ मध्ये लिथांगच्या मठावर चिनी विमानांनी बाँब टाकले होते, म्हणजे तिबेटी मुलखात विमानं वापरायला ते कचरत नाहीत. विमानं तिबेटमधूनच उडायला हवीत असंही नाही, युनानमधून ब्रह्मदेश ओलांडून येण्याचा विचार करावा लागत होता. सुटे भाग नसलेलं विमान वर्षभर लढू शकत नाही, पण एका रात्री एका शहरावर यायला त्याला वर्ष लागत नाही. मी त्या खुर्चीत असतो तर २० ऑक्टोबरला ‘थांबा’ म्हटलं असतं. ते भित्रेपणाचं ठरलं असतं असं मला वाटत नाही.

न उडालेली विमानं काय सांगतात

सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड पुरावा म्हणजे न घडलेली गोष्ट. संपूर्ण युद्धात चीननेही लढाऊ विमानं वापरली नाहीत. २० ऑक्टोबरला नाही, तवांगवर नाही, चुशूलला आमचे रणगाडे विमानातून उतरत होते तेव्हाही नाही. आपली वाहतुकीची विमानं संथ आणि बिनहत्यारी. ती रोज आघाडीवर घिरट्या घालत होती आणि आकाशातून त्यांना कोणी हात लावला नाही.

एक वाचन असं: चीनला विमानं वापरता येत नव्हती म्हणून वापरली नाहीत. येत असती तर एएन-१२ सारखं आयतं लक्ष्य कोण सोडेल? दुसरं वाचन तितकंच सुसंगत आहे: भारताने वापरली नाहीत म्हणून चीनने वापरली नाहीत. जमिनीवर जिंकत असताना आकाशात नवा पट मांडण्याची त्यांना गरजच नव्हती. पहिलं वाचन खरं असेल तर आपण आत्मघातकी संयम पाळला. दुसरं खरं असेल तर त्या संयमानेच आपली रसद आणि जखमी वाचवले, कारण हंटर उडाली असती तर डाकोटाही सुरक्षित राहिल्या नसत्या.

रिकामं आकाश दोन्ही वाचनांना सारखाच आधार देतं. बहुतेक लेख यातलं एक वाचन उचलतात आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत. हवाई दलाची बाजू मांडणारे ‘येत नव्हतं’ म्हणतात, नेहरूंची बाजू मांडणारे ‘गरज नव्हती’ म्हणतात. मला वाटतं दोन्हींत थोडं थोडं तथ्य असावं. तिबेटमधून मोठी हवाई मोहीम चालवण्याची चीनची ताकद फारशी नव्हती, तुरळक हल्ल्यांची होती. पण हे माझं मत आहे, पुरावा नव्हे.

पुरावा बोलका होतो तो काळ पुढे सरकल्यावर. २० ऑक्टोबरच्या सकाळी चिनी विमानं दिसली नाहीत याला फारसं वजन नाही, कारण लढाई नुकती सुरू झाली होती. १५ नोव्हेंबरला मात्र जवळजवळ चार आठवडे लोटले होते. रोज आपली विमानं जाताहेत, कॅनबेरा फोटो आणताहेत आणि समोरून काहीच नाही. एवढ्या दिवसांच्या शांततेने निदान एक गोष्ट ठरते: आघाडीलगतच्या तळांवर चिनी लढाऊ विमानांचा सतत पहारा नाही. त्यांचा हेतू काय ते फोटोत येत नाही, पण त्यांच्या अंगणात काय उभं आहे ते येतं.

साक्षीदार आणि त्यांची आपापली घरं

या प्रकरणातले साक्षीदार बोलके आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचं काही ना काही पणाला लागलेलं आहे. चौथ्या कोअरचे कमांडर बी. एम. कौल यांनी १९६७ मधल्या आत्मकथनात हवाई दल वापरलं नाही ही घोडचूक होती असं लिहिलं. कोअर त्यांच्या हाताखाली मोडली होती. विमानांचा अभाव हे त्यांच्यासाठी सर्वांत सोयीचं कारण. मलिक यांनी काही वर्षांनी उलट बाजू मांडली, आणि ती मांडताना स्वतःच्या खात्याचा त्या वेळचा अंदाज कसा बरोबर होता हेही सांगितलं. ज्या खात्याने चीन मोठं युद्ध करणार नाही असा अंदाज दिला होता, त्याला निदान एक तरी अंदाज बरोबर निघालेला हवा होता. गॅलब्रेथ यांची डायरी त्याच काळातली म्हणून जास्त भरवशाची, पण ते अमेरिकेचे हित पाहणारे राजदूत होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वॉशिंग्टन क्युबाच्या क्षेपणास्त्रांत गुंतलं होतं, आशियात दुसरं मोठं युद्ध त्यांना कशाला हवं असेल?

हवाई दलाच्या निवृत्त अधिकाऱ्यांची साक्ष एकमुखी असते: आम्ही तयार होतो. तिची किंमत मी जरा कमी धरतो. बासष्टमध्ये ज्यांची अब्रू गेली नाही असं तेच एक दल, आणि न खेळलेल्या सामन्यात कोणी हरत नाही. जगमोहन नाथ यांची साक्ष वेगळी ठेवतो. त्यांनी ती जागा त्याच दिवसांत वरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि पुढेही सातत्याने सांगितलं की समोर हवाई धोका नव्हता. तरी त्या साक्षीचीही हद्द आहे. त्यांनी पाहिलं तिबेट. युनानमधली धावपट्टी आणि पेकिंगमधली बैठक कोणत्याही कॅमेऱ्याच्या टप्प्यात नव्हती.

अधिकृत चौकशीची मदत इथे होत नाही. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांच्या अहवालाचे विषय लष्करापुरते होते: प्रशिक्षण, साहित्य, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, कमांडरांची योग्यता. वरच्या राजकीय पातळीवर काय ठरलं, का ठरलं, हे त्यांना विचारायचंच नव्हतं. यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन केलं तेही याच चौकटीत. अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर आला, सरकारने तो आजही अधिकृतपणे उघड केलेला नाही. संरक्षण खात्याच्या इतिहास विभागासाठी पी. बी. सिन्हा आणि आपल्या पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये यांनी या युद्धाचा सविस्तर इतिहास लिहिला, तो १९९२ चा. त्यावरही कित्येक वर्षं ‘मर्यादित वापरासाठी’चा शिक्का होता. लोकांपर्यंत तो पोचला तो इंटरनेटवर फुटला म्हणून.

हातून गेलेले तीन आठवडे

आता त्या जागेकडे येतो जिथे मला सरकारची बाजू घेता येत नाही. तवांग पडल्यापासून वालाँगच्या लढाईपर्यंत, म्हणजे साधारण २५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. या काळात चिनी स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी सीमेवरच्या बुमला खिंडीपासून तवांगपर्यंत रस्ता खोदून काढला. हजारो हातांनी, दिवसरात्र. या एका रस्त्यावरून पुढच्या टप्प्याचा दारूगोळा येणार होता. नमका चूला झाडीत लपलेल्या माणसांवर नेम धरायचा होता. इथे डोंगराच्या अंगावर ताजी ओरखडलेली माती, एकच मार्ग, आपल्या आघाडीपासून बऱ्यापैकी लांब. इथे आपलेच जवान बाँबखाली येण्याची भीती नव्हती, आणि मुलूख आपलाच असल्याने सीमा ओलांडल्याचा आरोपही होणार नव्हता.

रस्त्यावर बाँब टाकले म्हणजे रस्ता बंद पडतो असं नाही. खड्डा बुजवणारे हातही तिथे हजारो होते. पण काम दिवसा करता आलं नसतं, सामान साठवायला वेळ लागला असता, हल्ला आठ-दहा दिवस लांबला असता. आठ-दहा दिवसांना त्या उंचीवर, नोव्हेंबरात, किती किंमत असते ते खिंडीत बर्फ पडायला लागल्यावर कळतं. सेला टिकलाच असता, असं मी म्हणत नाही. तिथल्या माघारीची कारणं सेनापतींच्या डोक्यात होती आणि ती कुठल्याही विमानाने दूर झाली नसती. मी म्हणतो ते एवढंच की या तीन आठवड्यांत मोजून-मापून, मर्यादित प्रमाणात विमानं वापरायची का, हा प्रश्न नव्याने विचारण्यासारखा होता. लक्ष्य बदललं होतं, धोक्याबद्दलचा पुरावा बदलला होता, मेनन यांच्याकडून संरक्षण खातंही काढून घेतलं गेलं होतं. जुनं उत्तर मात्र तसंच पुढे चालू राहिलं. कदाचित ते कोणी उत्तर म्हणून दिलंच नव्हतं. शहरांची भीती ऑक्टोबरच्या मध्यावर डोक्यात बसली आणि तिथेच घट्ट राहिली.

पश्चातबुद्धीचा आरोप इथे माझ्यावर होऊ शकतो. रस्ता त्यांनी बांधला आणि त्यावरून हल्ला आला हे मला आज ठाऊक आहे. पण फोटो काढणारी विमानं तेव्हाच होती. रस्ता कशासाठी बांधतात हे कळायला निकाल माहीत असावा लागत नाही.

१९ नोव्हेंबरची दोन पत्रं

सेला आणि बोमदिला कोसळल्यावर नेहरूंनी १९ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींना एकाच दिवशी दोन पत्रं लिहिली. मागणी होती ती स्वनातीत, कोणत्याही हवामानात लढणाऱ्या विमानांची बारा स्क्वाड्रन, रडारचं संरक्षण, ते सगळं चालवायला अमेरिकी माणसं, शिवाय बी-४७ बाँबफेकी विमानांची दोन स्क्वाड्रन. अमेरिकी विमानांनी भारतीय शहरं सांभाळायची. तिबेटमध्ये शिरून हल्ला करायचा तो भारतीय विमानांनी. ही पत्रं कित्येक दशकं कुलूपबंद होती आणि २०१० मध्ये केनेडी ग्रंथालयाने ती पूर्णपणे खुली केली.

सबंध प्रकरणात मी सर्वांत जास्त वजन या पत्रांना देतो. ती त्याच घटकेला लिहिलेली आहेत, गुप्त राहतील या भरवशावर लिहिलेली आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या आयुष्यभराच्या अलिप्ततेला छेद देणारी आहेत. स्वतःची बाजू सावरण्यासाठी कोणी असं पत्र लिहीत नाही. त्यांतून एक गोष्ट पक्की होते: शहरांची भीती खरी होती, ते नंतर शोधलेलं निमित्त नव्हतं. आणि हवाई हल्ला नेहरूंना तत्त्वतः वर्ज्य नव्हता, शहरांवर छत्र मिळालं तर ते तयार होते.

पण हीच पत्रं तीन आठवड्यांच्या दिरंगाईविरुद्धची साक्षही आहेत. छत्रच हवं होतं तर ते २६ ऑक्टोबरला मागता आलं असतं. शस्त्रांची मदत त्याच सुमाराला मागितलीच होती. पत्र गेलं त्या दिवसांत आसामातल्या तेजपुरात पळापळ सुरू होती, सरकारी नोटा जाळल्या जात होत्या, नाणी तळ्यात टाकली जात होती. त्या अवस्थेत मागितलेली बारा स्क्वाड्रन म्हणजे घाबरलेल्या माणसाने फुगवलेला आकडा होता. दोन दिवसांत युद्धबंदी झाली आणि विषय संपला.

यशवंतराव आणि छांब

इथे महाराष्ट्राचा धागा येतो. ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ हे आपलं लाडकं वाक्य. यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली ती २१ नोव्हेंबरला, म्हणजे सह्याद्री पोचला त्याच दिवशी युद्धबंदी आली होती. बासष्टच्या विमानांबद्दल त्यांना दोषही नाही आणि श्रेयही नाही. त्यांची कसोटी तीन वर्षांनी लागली.

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे जम्मू भागातल्या छांबमध्ये घुसलेले. दुपारी उशिरा लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांकडे आले आणि चव्हाणांनी काही मिनिटांत विमानं वापरायला होकार दिला. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून पहिली तुकडी उडाली. हा किस्सा मराठी वाचकांना आवडतो, आणि निर्णय होताही धाडसी. पण त्या संध्याकाळचा हिशेब पुरता मांडायला हवा. पाठवलेली व्हॅम्पायर विमानं जुनाट होती आणि त्यांतली चार पाडली गेली. मावळत्या उजेडात आपल्याच २० लान्सर्सच्या रणगाड्यांवर आणि ३ महारच्या दारूगोळ्याच्या गाड्यांवर मारा झाला. पुढे ६ तारखेला पठाणकोटला दहा विमानं जमिनीवरच नष्ट झाली, ७ तारखेला पूर्व पाकिस्तानातून कलाईकुंड्यावर हल्ला झाला. कलाईकुंडा कलकत्त्याच्या पश्चिमेला, फार दूर नाही. १९६२ मध्ये ज्याची भीती घातली गेली होती त्याचा नमुना असा तीन वर्षांनी, दुसऱ्याच शेजाऱ्याकडून मिळाला.

तरी चव्हाणांचा निर्णय आपण वाखाणतो, कारण छांबमधली आगेकूच मंदावली आणि युद्धाचा शेवट आपल्याला बोचत नाही. अखनूर पडलं असतं तर याच होकाराला आपण ‘मागचापुढचा विचार न करता, शहरं उघडी टाकून’ म्हटलं असतं आणि १९६२ चा संयम शहाणपणाचा दाखला म्हणून पुढे केला असता. गोव्याचंही तसंच. डिसेंबर १९६१ मध्ये पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरांनी दाभोळीची धावपट्टी फोडली, हंटरनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. हेच नेहरू, हेच मेनन. समोर पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं आणि मुंबईवर येऊन बाँब टाकेल असं कोणी नव्हतं. विमानं वापरायला सरकारचा हात कचरत होता असा ठपका त्यामुळे टिकत नाही. हात कचरला तो फक्त उलट वार येण्याची शक्यता दिसली तिथे.

हा सगळा पुरावा समोर ठेवून मी माझं मत असं नोंदवतो: २० ऑक्टोबरला विमानं न पाठवणं समर्थनीय होतं, आणि पाठवून सातवी ब्रिगेड वाचली नसती. १९ नोव्हेंबरला सगळंच उशिराचं होतं. दोष आहे तो मधल्या दिवसांचा. हे मत बदलायला एक कागद पुरे आहे. २५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरदरम्यान मंत्रिमंडळाच्या संरक्षण समितीने किंवा तिन्ही दलप्रमुखांनी बुमला–तवांग रस्त्याचे फोटो पुढ्यात घेऊन हवाई हल्ल्याचा विचार केला आणि अमुक कारणांनी तो नाकारला, असं इतिवृत्त उद्या पुराभिलेखागारातून बाहेर आलं, तर मी लिहिलेला वरचा अर्धा भाग खोडावा लागेल. ती कारणं मग मला पटोत वा न पटोत, तो निर्णय ठरेल. आज माझ्या हाती आहेत त्या कागदांत तो निर्णय दिसत नाही, फक्त चालढकल दिसते.